घोडनदीच्या उताराने

पायांखालचा खडक अजून कोमट आहे. क्षितिजापर्यंत नुसता काळा, सुरकुतलेला, सपाट प्रदेश. गवताची काडी नाही. तुम्ही सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं मागे आला आहात आणि जिथे उभे आहात तिथे पुढे पुणे जिल्ह्यातला आंबेगाव तालुका होणार आहे. डोंगर म्हणावं असं इथे अजून काही नाही. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वर येतो, पसरतो, निवतो आणि मग बराच काळ काहीच घडत नाही. या मधल्या काळात पाऊस पडतो. खडकातलं लोखंड गंजतं, पृष्ठभागाचा लालसर चुरा होतो, त्यावर झुडपं येतात, डबकी साचतात. मग पुन्हा लाव्हाचा लोट येतो आणि तो लाल चुरा भाजून आपल्याखाली दाबून टाकतो.

त्या लाल थराची खूणगाठ बांधून ठेवा. पुढे कोट्यवधी वर्षांनी वरून झिरपत आलेलं पाणी अशाच थरांवर अडणार आहे आणि खाली जाता येत नाही म्हणून आडवं वाहत डोंगराच्या कुशीतून बाहेर पडणार आहे. घाटमाथ्यावरचे कितीतरी झरे असे लाल पट्ट्याच्या वरच फुटतात. कितीतरी दरडीही तिथेच सुटतात.

लोटांवर लोट साचत जातात. महाबळेश्वरला या थरांची जाडी किलोमीटरच्या पुढे जाते. मग पश्चिमेकडची जमीन फाटते. सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटून दूर जातो, मधे अरबी समुद्र शिरतो, आणि पठाराची तुटलेली कड उंच राहते. आतली जमीन मात्र पूर्वेकडे कललेली. आता घाटमाथ्यावरच्या आहुप्याच्या कड्यावर येऊन उभे राहा. इथे पडणाऱ्या पावसाच्या दोन थेंबांपैकी एक कोकणात कोसळतो आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरांत समुद्राला मिळतो. वीतभर अलीकडे पडलेला दुसरा घोडनदीत जातो, तिथून भीमेत, तिथून कृष्णेत, आणि हजाराहून जास्त किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरात पोचतो. आपण या दुसऱ्या थेंबाच्या बाजूने जायचं.

काळ जरा जोरात पळवा. एका श्वासाला लाख वर्षं. एरवी स्थिर दिसणारा उतार या वेगाने बघितला की हलताना दिसतो. लाव्हा निवताना आकसला तेव्हा त्यात उभ्या-आडव्या फटी पडल्या होत्या. पाणी त्यांत शिरतं, खडकातल्या खनिजांची चिकणमाती करतं. कोपरे दोन्हीकडून झिजतात म्हणून चौकोनी ठोकळे आतल्या आत गोल होत जातात आणि कांद्यासारखे पापुद्रे सोडतात. पापुद्र्यांचा होतो मुरूम, मुरमाची माती. कातळ, त्यावर मुरूम, त्यावर माती हा आपल्या सगळ्या डोंगरांचा क्रम. विहीर खणणाऱ्या कुणालाही विचारा, तो हाच क्रम सांगेल.

आता थांबा आणि काळ उलट अगदी मंद करा. एकच पावसाळा बघू. भिजलेली चिकणमाती फुगते. फुगताना ती उताराशी काटकोनात, म्हणजे वर आणि किंचित बाहेरच्या बाजूला उचलली जाते. उन्हाळ्यात वाळून आकसते तेव्हा मात्र जवळजवळ सरळ खाली बसते, कारण तिला खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण उभं आहे. जाताना एक वाट, येताना दुसरी, आणि या दोहोंच्या फरकाने मातीचा कण काही मिलिमीटर खाली सरकलेला असतो. दरवर्षी एवढंच. उतारावरच्या हिरड्याच्या झाडाकडे बघा. बुंधा खाली वाकून मग वर वळलेला आहे. पायाखालची माती त्याला खाली नेते आहे आणि ते उजेडाकडे सरळ होऊ बघतं आहे. चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात गांडुळांनी वर आणून टाकलेली माती पावसात उताराने किती खाली ओघळते याची मोजमापं दिली आहेत. जगभर नाव झालेला माणूस म्हातारपणी गुडघे टेकून उतारावरची माती मोजत बसतो, याचं मला फार अप्रूप आहे.

आणि हा पावसाचा थेंब. पाच मिलिमीटर व्यासाचा टपोरा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास असतो. उघड्या मातीवर त्याचा आघात होतो, चहूबाजूंना कण उडतात. सपाट जमिनीवर ते सगळीकडे सारखे पडले असते. उतारावर मात्र खालच्या बाजूला उडालेला कण वरच्यापेक्षा लांब जाऊन पडतो. पान, गवत, पाचोळा यांनी थेंब आधीच झेलला तर हे काहीच घडत नाही. नसेल झेलला, तर सुटे कण पाण्याच्या पातळ पापुद्र्यासोबत निघतात, पापुद्रा कुठेतरी खोलगट जागा शोधतो, तिची बोटभर चर होते, चरींची घळ, घळींचा ओढा. ओढ्याला पाणी येतं तेव्हा कान देऊन ऐका: पाण्याच्या आवाजाखाली आणखी एक ठणठण आहे. तळातले धोंडे एकमेकांवर आपटत निघाले आहेत. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते हलवू शकेल अशा धोंड्याचं वजन ढोबळमानाने चौसष्टपट होतं. उन्हाळ्यात कोरड्या ओढ्यात पडलेले म्हशीएवढे दगड इथे आले कसे, याचं उत्तर या एका हिशोबात आहे. ते रोज सरकत नाहीत. दहा-वीस वर्षांतल्या एखाद्या रात्री सरकतात.

आता घोडनदीची बहीण कुकडी. जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाजवळ, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वी. आकाश राखी आहे. सुमात्रा बेटावर टोबा ज्वालामुखीचा महाभयंकर उद्रेक झाला आहे आणि त्याची राख हजारो किलोमीटर ओलांडून इथवर येते आहे. पानांवर, खडकांवर, पाण्यावर पडणारी ही बारीक पूड बोटांत घेऊन चोळा, काचेचा कण लागतो, कारण ती खरोखरच काच आहे. पुढच्या पावसाळ्यांत ती सगळ्या डोंगरउतारांवरून धुऊन निघते आणि कुकडीच्या वळणांवर, जिथे पाणी मंदावतं तिथे, जाड थराने साचते. आजही बोरीच्या काठात तो पांढुरका पट्टा दिसतो. आसपासच्या गाळात माणसाने घडवलेली दगडी हत्यारं सापडली, म्हणून या पट्ट्याच्या वयाला फार महत्त्व आलं. तो याच उद्रेकाचा की त्याहून कितीतरी जुन्या, यावर अभ्यासकांचा वाद आहे. वाद चालू दे. नदीने आभाळातून पडलेली वस्तू उतारावरून गोळा करून, वळणावर मांडून, वरून पुन्हा माती घालून जपली, हे तर दोन्ही बाजूंना मान्य आहे.

खाली निघोजला या. एका बाजूला पारनेर तालुका, दुसऱ्या बाजूला शिरूर. कुकडीचं पात्र इथे कातळाचं आहे आणि त्यात रांजणखळगे आहेत. कोरड्या दिवसांत हौशी लोक काठावर उभं राहून फोटो काढतात. तुम्ही पुरात या आणि खळग्याच्या आत उतरा. कातळात कुठेतरी पूर्वी एक छोटासा खड्डा होता. पाणी त्यावरून जाताना भोवरा करतं, भोवऱ्यात चार-दोन गोटे अडकतात आणि गरगरत राहतात. गोटा भिंत घासतो, भिंत गोट्याला घासते. गोटा झिजून वाळू होतो आणि निघून जातो, त्याची जागा वरून आलेला दुसरा घेतो. खड्डा मात्र खोल होत राहतो. पुरुष-दीड पुरुष खोलीच्या खळग्याला किती गोटे लागले असतील? नुसत्या पाण्याने एवढा कातळ कोरायला फार वेळ लागला असता. पाण्याच्या हातात दगड होता म्हणून हे झालं, आणि तो दगड वरच्या कुठल्यातरी कड्यावरून सुटून आलेला होता.

कुकडी घोडेला मिळते. इसवीसनपूर्व १२०० च्या सुमारास घोडेच्या काठी, आजच्या इनामगावला, एका वस्तीत तुम्ही शिरता. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती, चौकोनी घरं, लाल भांड्यांवर काळी नक्षी. अंगणात जव वाळत घातलेले. याला पुढे जोर्वे संस्कृती म्हणतील. डेक्कन कॉलेजचे सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन करतील आणि त्यांना घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन-दोन मडक्यांत पुरलेली लहान मुलं सापडतील. त्यांना पुराचं पाणी वळवून नेणारा पाटही सापडेल आणि त्याच्या कडेचा बांधही.

हा पाट खोदणारे लोक आत्ता तुमच्यासमोर आहेत. आषाढातली गोष्ट. इथे पाऊस जेमतेम, पण आहुप्याकडे तो धो धो कोसळतो आहे, आणि नदी लाल होऊन आली आहे. पाणी काठ ओलांडतं. ओलांडलं की ते पसरतं, पसरलं की उथळ होतं, उथळ झालं की मंदावतं. आधी वाळू खाली बसते, अगदी काठाशी. त्यापुढे पोयटा. सर्वांत बारीक चिकणमाती सगळ्यांत लांब जाऊन, पाणी जवळजवळ थांबल्यावर बसते. पूर ओसरल्यावर एक बाई त्या ओल्या थरात पाय रोवून बघते, किती रुततो ते. तिच्या पायाखाली आहे तो सह्याद्रीच्या माथ्यावरचा मुरूम, लांबचा प्रवास करून आलेला. वरचा डोंगर झिजला म्हणून इथे जव पिकतात, आणि तिला पायानेच कळतं यंदा किती पिकतील.

पुढे दोन-तीन शतकांत हवा कोरडी होत जाते, पूर उणावतात, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या येतात. इसवीसनपूर्व ७०० पर्यंत वस्ती उठते.

आता पुन्हा नदीच्या वर, आंबेगाव तालुक्यात. २९ जुलै २०१४. माळीण. मला इथे तुम्हाला न्यायचं होतं आणि न्यायला मन धजतही नव्हतं.

पावसाचा जोर आदल्या दिवसापासून आहे. गाव डोंगराच्या पायथ्याशी, घरं महादेव कोळ्यांची, मागे चढ, चढावर भाताची खाचरं. उतार फोडून खाचर काढण्याची या भागातली जुनी रीत पडकई. सगळ्यांनी मिळून एकेकाच्या शेतावर राबायचं, दगडाचे बांध रचत थोडं थोडं सपाट करायचं. रचलेल्या दगडांमधून जादा पाणी निघून जातं. अलीकडे तेच काम यंत्रांनी झालं होतं, आणि उतार कमजोर व्हायला हे कारणीभूत ठरलं असं अनेक अभ्यासकांनी तेव्हा सांगितलं. यंत्राने चार दिवसांत कापलेला चढ आणि हातांनी पिढीभरात बांधलेला चढ लांबून सारखेच दिसतात. पाण्याला मात्र ते सारखे नाहीत.

रात्र झाली आहे. तुम्ही कुणाला हाक मारू शकत नाही, इथे तुमचा आवाज पोचत नाही. तेव्हा पाण्याबरोबर जमिनीत उतरा. वर माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. मातीचे कण एकमेकांना टेकून उभे आहेत. वरच्या सगळ्या मातीचं वजन या टेकण्यातून खाली जातं, आणि दाबून टेकल्यामुळेच घर्षण आहे, घर्षणामुळेच हा उतार उतार म्हणून टिकला आहे. वजनाचे इथे दोन भाग पडतात: एक उताराला दाबून धरणारा, एक त्याला खाली ओढणारा. चढ जितका उभा, तितका दुसरा भाग मोठा.

कणांमधल्या पोकळ्या कोरड्या होत्या तोवर ठीक होतं. थोडी ओल तर मातीला बांधूनच ठेवते. पण आता पोकळ्या काठोकाठ भरल्या आहेत. कातळाशी पाणी अडलं आहे, वरून आणखी येतं आहे, आणि कोंडलेलं पाणी दाब देऊ लागलं आहे. तो दाब कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो. कार्ल टर्झागी या अभियंत्याने १९२० च्या दशकात मांडलेली गोष्ट नेमकी हीच: मातीचा जो भार पाण्याने स्वतःच्या अंगावर घेतला, तो घर्षणाच्या हिशोबातून वजा झाला, कारण पाण्याला घर्षण देता येत नाही. ओढणारं वजन मात्र कमी झालेलं नाही. भिजलेली माती कोरड्यापेक्षा जडच. धरणारा हात सैल पडतो आहे आणि ओढणारा जोर वाढतो आहे, आणि खाली गावात लोक झोपले आहेत.

वर कुठेतरी, गवताखाली, धनुष्याच्या आकाराची एक भेग उघडते. तिच्यात पाऊस थेट पडायला लागतो.

३० जुलैच्या सकाळी भेगेखालची सगळी माती एकदम सुटते. ती घसरते, आणि घसरताना तिचं रूप बदलतं. आतलं पाणी बाहेर पडायला वेळच मिळत नाही, त्यामुळे माती, धोंडे, झाडं सगळं मिळून दाट प्रवाह होतो आणि धावत खाली येतो. थोड्या वेळाने एसटीची बस नेहमीच्या वाटेने येते आणि चालकाला गाव दिसत नाही. तिथे चिखल आहे. त्यानेच बाहेर कळवलं. शाळेची इमारत वाचली. ढिगाऱ्यातून एक आई आणि तिचं तान्हं बाळ जिवंत निघालं. १५१ माणसं गेली.

अशा वेळी डोंगर अचानक कोसळला असं आपण म्हणतो. तुम्ही आतून बघितलं आहे, तेव्हा तुम्हाला ठाऊक आहे की शेवटचे काही क्षण सोडले तर यात अचानक काही नव्हतं. उतार बहुधा आधी कळवतो. चढावर नवी भेग दिसते, किंवा जुनी रुंदावते. जिथे कधी पाणी नव्हतं तिथे उमाळा फुटतो, किंवा नितळ झऱ्याला गढूळ पाणी येतं, किंवा वाहता झरा भर पावसात आटतो. झाडं, विजेचे खांब कलतात. दार चौकटीत अडकायला लागतं. ही चिन्हं उपग्रहाच्या आधी वाडीतल्या बाईला दिसतात, जी रोज त्या झऱ्यावर जाते. ती म्हणाली की आज पाणी लाल आलंय, तर त्या रात्री घर सोडायचं, आणि सोडून जायला कोरडी, सुरक्षित जागा पावसाळ्याआधीच ठरलेली असायला हवी. हे मी अगदी मनापासून लिहितो आहे.

कारण माळीणनंतरही घडत राहिलं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच पावसात २२ तारखेला महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. ऐंशीहून अधिक बळी. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी. तिथे वर जायला रस्ता नव्हता, मदत करणारे अंधारात, पावसात चढून गेले. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं.

माळीणवर आलेल्या मातीचं पुढे काय होतं, तेही बघून घ्या. दरडीचा ढिगारा म्हणजे नदीसाठी वर्षानुवर्षांचा साठा. दर पावसाळ्यात ओढे त्यातून काही ना काही उचलतात आणि खाली डिंभे धरणाच्या फुगवट्यात आणून सोडतात. धोंडे फुगवट्याच्या तोंडाशीच थांबतात, वाळू थोडी पुढे, चिकणमाती थेट भिंतीपर्यंत. धरणात बुडालेल्या जुन्या आंबेगावावर ती थराथराने बसते आहे. जो बारीक गाळ सांडव्यावरून सुटतो त्याला पुढे चिंचणीजवळचं घोड धरण आहे आणि भीमेवर १९८० चं उजनी. उजनीच्या खाली पंढरपूर. तिथल्या वाळवंटात वाळूतून लोहचुंबक फिरवला तर त्याला काळे बारीक कण चिकटून येतात. ते मॅग्नेटाइट आहे, तुम्ही कोमट कातळावर उभे होतात त्या लाव्हातलं. पण ही वाळू पूर्वी आलेली आहे. आता वरून येणारी उजनीत अडते, आणि खाली उपसणारे ट्रक थांबत नाहीत.

त्यापुढे कृष्णेवर श्रीशैलम धरण, त्यापुढे नागार्जुनसागर. कृष्णा हंसलदीवीजवळ समुद्राला मिळते तेव्हा तिच्या पाण्यात गाळ उरलेला असतो तो पूर्वीच्या मानाने अगदी थोडा. तिचा त्रिभुज प्रदेश याच गाळाने बांधला गेला होता. आता लाटा नेतात तेवढी माती मागून येत नाही, आणि किनाऱ्याचे काही भाग मागे हटत आहेत. आंध्रातला तिथला शेतकरी माळीणला कधी आलेला नसेल. त्याच्या शेताच्या कडेला पोचायला हवी होती ती माती अजून डिंभ्यात आहे.